हरणामागे गेलेला नवरा

अगं, हरणाच्या शिकारीला मीही गेलेय नवऱ्याबरोबर! ओमानमध्ये शिकारीला बंदी, म्हणून आमची शिकार कॅमेऱ्याची. आम्ही राहतो त्या सीब गावाहून बरंच लांब, डोंगराच्या पायथ्याशी एक हरीण दिसलं.

"तू गाडीतच थांब, आवाज करू नकोस," म्हणत हा टेकाडामागे गेला, तो गेलाच.

फोनला रेंज नाही, ऊन चढलेलं. शेवटी हॉर्नवर हात दाबला तो काढलाच नाही. बऱ्याच वेळाने हा धापा टाकत आला.

"हरीण पळालं ना!"

"पळू दे! तू होतास कुठे?"

घटाघट पाणी प्यायला आणि हळूच म्हणाला, "बरं झालं हॉर्न वाजवलास. मी भलतीकडेच चाललो होतो."