ऐंशी लिटरच्या टाकीतला निळा मासा

मी, आमच्या गल्लीत 'माशांच्या ताई' म्हणून ओळखली जाणारी, वय ४९ वर्षे, धंदा शोभेच्या माशांचे दुकान, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर. मला कोणी बोलावणे पाठवलेले नाही. आज शनिवारी सकाळी साडेदहा वाजता मी आपणहून ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

मी बावीस वर्षे हे दुकान चालवते. त्यातली शेवटची नऊ वर्षे समुद्राच्या पाण्यातले मासे व प्रवाळही ठेवते. दुकानात मी एकटीच असते.

दुकानापासून चार इमारती सोडून एक निवृत्त घड्याळजी राहतात. त्यांना मी घड्याळकाका म्हणते व त्यांच्या पत्नीला काकू. दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्यांची वाचा गेली आहे व उजवी बाजू लुळी आहे. डावा हात चालतो. दिवसा त्यांची देखभाल करायला एक बाई येतात. तुम्ही परवापासून ज्यांची चौकशी करत आहात त्या याच.

गेल्या वर्षी काका दुकानात येऊन म्हणाले, "ताई, तिला दिवसभर बघायला समोर भिंतच आहे. काहीतरी हलतं पाहिजे." पलंगाच्या पायथ्याशी ऐंशी लिटरची टाकी मावत होती. एवढ्याशा टाकीत खारे पाणी सांभाळायचे म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावे लागते, असे मी सांगितले. काका म्हणाले, "चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू सांभाळलेत." पहिला दीड महिना टाकीत फक्त दगड, वाळू व पाणी होते. काका रोज पाणी तपासून आकडे कागदावर लिहून आणत.

मासे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. काकांच्या मनात आधी मोठा टँग होता. तो बशीएवढा होतो व त्याला पोहायला लांबी लागते, म्हणून मी नको म्हटले. मग त्यांना मँडरिन आवडला. तो जिवंत बारीक किडेच खातो. लहान टाकीतले किडे संपले की तो उपाशी मरतो, म्हणून तोही नको म्हटले. काका म्हणाले, "हे लग्न जमवण्यापेक्षा अवघड आहे की." मी म्हणाले, "लग्नात निदान माहेरी जाता येतं." शेवटी एक फायरफिश, क्लाउनफिशची एक जोडी व एक कोळंबी असे ठरले. फायरफिश पुढून पांढरा, मागून लाल, बोटाएवढा व फार भित्रा असतो. घाबरला की टाकीबाहेर उडी मारतो, म्हणून वर जाळी लागते. भित्र्याला आधी आणायचे, म्हणजे त्याला आपली कपार मिळते. दांडगा आधी आला की तो सगळी टाकी आपल्या बापाची समजतो.

फायरफिश अकरा दिवस बाहेर आला नाही. बाराव्या दिवशी सकाळी त्या बाई ओल्या हातांनी दुकानात धावत आल्या. म्हणाल्या, "ताई, आला हो बाहेर! काकूंनी मला बोट करून दाखवला!" टाकीत हात घालण्याआधी साबण पूर्ण धुऊन काढायचा, हे मी त्यांना एकदाच सांगितले होते. त्या ते कधीही विसरल्या नाहीत. त्यांच्याबद्दल मला माहीत आहे ते एवढे.

गेल्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास काकांचा मुलगा दुकानात आला. तो परगावी असतो, आठ दिवसांच्या रजेवर आला आहे. टाकी रिकामी वाटते, असे तो म्हणाला. त्याने कोपऱ्यातला निळा डॅमसेल मासा दाखवला. मी नाही म्हटले. तो म्हणाला, "एवढासा तर आहे." मी म्हणाले, "आकारानं आहे एवढासा, स्वभावानं नाही." डॅमसेल कोणाला खात नाही, नुसता जगू देत नाही. मी दुसऱ्यांदा नाही म्हटले. तेव्हा तो म्हणाला, "दोन वर्षांत मी आईसाठी काहीच केलेलं नाही, ताई. एवढं तरी करू द्या." मग मी पिशवी भरली.

तो मासा माझ्याकडे पाच महिने एकटाच होता. ज्याच्याबरोबर ठेवावा त्याचे पर तो फाडत असे. तो दुकानातून जावा असे मलाही वाटत होते. मी तो माहीत असून दिला. जाळी पक्की लावा, असे मी मुलाला सांगितले का, ते मला आठवत नाही. सांगितले होते, असे मी म्हणणार नाही.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास काकू पलंगावरून खाली पडलेल्या सापडल्या. मी तेथे नव्हते. काकांकडून कळले ते असे. बाई गच्चीवर चादरी वाळत घालत होत्या, काका दुसऱ्या खोलीत झोपले होते व मुलगा बाहेर गेला होता. काकूंचे मांडीचे हाड मोडले आहे व डाव्या दंडावर काळानिळा डाग आहे. त्यावरून बाईंनी ढकलले, असे मुलाचे म्हणणे आहे. काकूंना सांगता येत नाही.

काल सकाळी नऊ वाजता काका इस्पितळातून थेट दुकानात आले. त्यांच्या हातरुमालात एक सुकलेला मासा होता. म्हणाले, "हे तिच्या मुठीत होतं. नर्सनं आत्ता मूठ सोडवली. हा कोणता?" रंग गेला होता. शेपटी फाटलेली होती. तो फायरफिश होता. मी तसे सांगितले.

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. फोटोत ती मध्ये येते म्हणून मुलाने बुधवारी काढली, असे काका म्हणाले. हे मी पाहिलेले नाही. निळा मासा फायरफिशच्या कपारीत बसला होता. क्लाउनफिशची जोडी वर, पंपाच्या कोपऱ्यात अंग चोरून होती. टाकी व पलंग यांच्यामध्ये फरशीवर सुकलेल्या मिठाचा बोटभर डाग आहे. तो कोणी पुसू नये म्हणून काकांनी त्यावर पातेले उपडे घातले आहे. तुम्ही जाऊन पाहावे.

माझे म्हणणे असे की, मासा उडी मारून खाली पडला व काकू त्याला उचलायला गेल्या. डाव्या हातावर भार देत पलंगाच्या पायथ्यापर्यंत सरकत गेल्या असतील; दंडावरचा डाग त्याचाच असावा. काका म्हणाले, "दोन वर्षांत ती एकटी कुशीवरही वळली नव्हती."

निळा मासा पकडायला मला दीड तास लागला. सगळे दगड बाहेर काढावे लागले. मधेच मुलगा येऊन दारात उभा राहिला. मासा माझ्याकडे आणला आहे. तो विकायचा नाही. मुलाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. त्याला काय कळणार? कळत होते ते मला.

आत येताना त्या बाई बाहेर बाकावर बसलेल्या दिसल्या. त्यांनी मला विचारले, "काकूंना कोण भरवतंय?" त्यांना जाऊ द्यावे, अशी विनंती आहे.

वरील जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'मी तो चुकून दिला' असे लिहिले गेले होते. साहेब म्हणाले, "राहू द्या ताई, तुमच्याच सोयीचं आहे." मी ते खोडायला लावले व 'माहीत असून' असे घालून घेतले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. खाली माझी सही.