स्पिरिटच्या कपाटाची किल्ली

न्हाई न्हाई साहेब, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा पाय हलतो — हे घ्या, हे भालचंद्र सरांचं. अकराचा टाइम दिल्ता ना तुमच्या कमिटीला? तुम्ही साडेधालाच आले. मंग काय, मॅडम अजून यायच्यात. मी? मी भागवत, ह्या लॅबचा परिचर — बावीस वर्षं झाली भोकरदनच्या ह्या कॉलेजात. भालचंद्र सर रिटायर झाले, दुसरे दोघं आले अन् गेले, मी इथंच हाय.

अंतरा मॅडमचा प्रयोग बघायला आले तुम्ही. जिल्ह्यातून एकच पुढं पाठवणार म्हणे. बघा, बघा. पण हे कोबाल्टचं मीठ मला पहिल्यांदा कुणी दाखवलं — मॅडमनी? बिलकुल न्हाई. भालचंद्र सरांनी! ही ओळ बघा, सहा नळ्या. पहिलीत नुसतं स्पिरिट अन् चिमूटभर मीठ — निळं, शाईसारखं. दुसरीत जरा पाणी, जांभळट मारतं. असं करत करत सहावी पार गुलाबी. मीठ सगळ्यांत तेवढंच, मीच तोललं — फक्त पाणी वाढत गेलं. स्पिरिटात मिठातला कोबाल्ट हा मिठातल्याच क्लोराईडला धरून बसतो, तवर निळा. पाणी आलं की पाणीच त्याला चहूबाजूनं घेरतं, क्लोराईडला हुसकावतं — झाला गुलाबी. बारावी नापास माणसाला सरांनी इथंच, ह्या टेबलापाशी शिकवलं हे. म्हणायचे, भागवत, पाणी भेटलं की हा गडी जुन्या सोबत्याला ओळख देत न्हाई बघ. अन् हसायचे.

काल सर आल्ते. जालन्याहून, तिथल्या मस्तगड भागात राहतात ते, बसनं — मॅडमचा प्रयोग बघायला. माझं घर इथं मागच्या गल्लीत, बायको पुरण घालून बसल्ती, अन् सर मुक्कामाला कुठं गेले? मॅडमकडं! बरं, ते बी सोडा. सरांची एक काचेची कांडी हाय, ढवळायची. त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिल्ती. सर इथं होते तवर ती रोज धुतली कुणी? मी. एकदा टोक फुटलं तर बर्नरवर फिरवून फिरवून गोल कुणी केलं? मीच. मला वाटायचं — काय वाटायचं ते जाऊ द्या. काल सरांनी ती मॅडमच्या हातात दिली, माझ्यासमोर. म्हणले, आता ही तुझी. अन् मला म्हणले — भागवत, जरा धुऊन दे मॅडमला. धुऊन दे! जळलो मी साहेब, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं न्हाई झाली तिला — त्यांना — इथं येऊन. सर तिच्याकडं असे बघून राह्यले होते, जसं मी कधी ह्या खोलीत नव्हतोच.

आता मजा बघा तुम्ही. मॅडम बाटलीतलं स्पिरिट ओतणार, मीठ टाकणार, ऐटीत म्हणणार, बघा निळं — अन् निळं होणारच न्हाई. सरांसमोर! न्हाई, म्हणजे — होतं असं कधी कधी. बाटलीत पाणी जातं. लिटरभर स्पिरिटात एक गिलास पाणी गेलं, समजा — अंदाजानं म्हणतो मी — तर रंग चौथ्या नळीवर येईल. चौथीच. बराबर सांगता येतं, काय अवघड हाय? प्रयोगच तो हाय ना मॅडमचा! बाटली कुठली का असंना, मीठ टाकायचं, रंग ह्या ओळीला लावून बघायचा, कुणी पाणी घातलं असलं तर किती घातलं ते लगेच —

लगेच कळतं.

हे… हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं, साहेब. काल सगळे गेल्यावर मी निळं होणार न्हाई एवढाच विचार केल्ता. काय? न्हाई, मी कुठं काय म्हणलं? कपाट? कपाटाला कुलूप असतंच, स्पिरिटला नियम हाय तसा. किल्ली एकच. ही काय, माझ्या करदोट्याला. दुसऱ्या कुणाकडं न्हाई. तुम्ही चहा घ्या ना — थांबा, सरांचा आवाज.

या सर, या. मॅडम, या. हे कमिटीचे साहेब, जल्दीच आले… काय म्हणले? मी? मी कशाला ओतू, मॅडम, प्रयोग तुमचा हाय… सर, तुम्ही बी तेच म्हणून राह्यले? कुणी म्हणलं, भागवतच्या हातानंच व्हायला पाहिजे? मॅडमनी? कवा — काल जेवताना? अन् ही कांडी… न्हाई मॅडम, ती तुमची. माझ्याकडं नका देऊ. नका ना देऊ…

हां सर. बाटली. काढतो.

साहेब, तुम्ही बसा. माझ्याकडं नका बघू.

सर… किल्ली सापडून न्हाई राह्यली.