पहारेकऱ्याचे कान

नाही पण मला एक सांगा, मारेकरी म्हणजे नेमकं काय हो? म्हणजे माणूस येतो, ज्याला मारायचं त्या एकालाच मारतो आणि कोणाला पत्ता लागायच्या आत निघून जातो, त्याला मारेकरी म्हणायचं ना? की बोंबलत फाटकातून आत घुसतो, माळ्याला कापतो, पाणक्याला कापतो, घोड्याला चारा टाकणाऱ्या म्हाताऱ्याला कापतो... त्याला म्हणायचं? त्याला दंगल म्हणतात! आणि हे मी त्या लोकांना तोंडावर सांगितलं, तर मला म्हणे, "मॅडम, तुम्ही जरा पाणी घ्या." पाणी घ्या! मला काय तहान लागली होती?

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार, कपाळ! तर माझा भाचा. सख्ख्या भावाचा मुलगा. व्हिडिओ गेमच्या कंपनीत आहे. गेम खेळत नाही हं, बनवतो. हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली, शेजारणीला मी अजून समजावतेय. तर गेली तीन वर्षं त्यांचा एक मोठा गेम चालला होता. जुना काळ, मोठी हवेली, तिच्यात एक दुष्ट सरदार, आणि आपण मारेकरी. सरदाराला मारायचं आणि सटकायचं. बस्स, एवढीच गोष्ट. आणि माझ्या भाच्याकडे काम काय? तर लपण्याचं! म्हणजे पहारेकऱ्याला किती लांबचं दिसतं, कुठल्या फरशीवर पाऊल किती वाजतं, ते वाजल्यावर पहारेकरी नुसता मान वळवतो की उठून बघायला येतो... पाच माणसांची टीम होती हो त्याची. आणि ती पाच शिकलीसवरलेली माणसं तीन वर्षं काय करत होती, सांगू? चालत होती. वाळूवर चाल, लाकडावर चाल, ओल्या फरशीवर चाल, आणि ते रेकॉर्ड कर. त्याच्या बायकोने एकदा मला फोन केला, "आत्या, हे घरातसुद्धा चवड्यांवर चालतात हो, परवा मागून येऊन उभे राहिले, माझ्या हातून कप पडला."

आणि पहारेकऱ्याचे कान कोणाचे घेतले? माझे!

आता हसू नका. मी सत्तावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. नव्वद मुली, एक फाटक आणि दोन कान. जिन्याची सातवी पायरी वाजली की मला खोलीत बसून कळायचं, ही बारीक मुलगी आहे की जाड, एकटी आहे की दोघी आहेत, आणि चपला पायात आहेत की हातात. आणि हा भाचा माझ्याकडेच वाढला. आठ वर्षांचा होता. त्याच्या आईबापांचं घरात रोज वाजायचं, भांडी फुटायची, मग एक दिवस मीच जाऊन त्याला घेऊन आले. आला तेव्हा त्याला बोलता येतं की नाही अशी शंका यावी, इतका गप्प. पण चालायचा कसा! अहो, नव्वद मुलींवर जिच्या कानांचा वचक, त्या माझ्या पाठीमागून हा स्वयंपाकघरात जाऊन साखर खाऊन यायचा आणि मला पत्ता नाही. मी त्याला एकदाच विचारलं, एवढं हळू चालायला कुठे शिकलास रे? तर म्हणाला, "घरी आवाज झाला की ते माझ्याकडे बघायचे." एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही.

तर तुम्हाला सांगते, तो गेम त्याच्यासाठी नुसता गेम नव्हता. जगात एक जागा अशी असावी, जिथे न दिसता, कोणाला धक्का न लावता पार होणाऱ्या माणसाला किंमत आहे, एवढंच त्याचं म्हणणं. मला आठवडाभर त्याच्या ऑफिसात बोलावून घेतलं, डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि ते पाच जण माझ्याभोवती चालले. मी सांगायची, आला, डावीकडून आला, दमलेला आहे. ते लिहून घ्यायचे. एका पहारेकऱ्याला तर माझा खोकलासुद्धा लावला!

मग आला चाचणीचा दिवस. म्हणजे बाहेरची बारा माणसं बोलवायची, त्यांच्या हातात ते कंट्रोलर द्यायचं, आणि आपण काचेच्या मागून बघायचं, लोक खेळतात कसं. सकाळी दहाला मी इस्त्रीची साडी नेसून हजर. काचेच्या अलीकडे मी, माझा भाचा, आणि त्यांचा वरचा साहेब. वय असेल पस्तीस. सगळ्याला 'वॉव' म्हणतो. चहा आला, वॉव. चहा गार झाला, वॉव. त्याला सगळे पाठीमागे वॉवच म्हणतात.

पहिला खेळाडू बसला. चांगला सज्जन दिसत होता हो, चष्मा, शर्ट आत खोचलेला. सुरू झालं. समोर अंगण, चार पहारेकरी, कडेला झाडी. भाच्याने दोन महिने घालवून ती झाडी लावलेली, लपायला! हा सज्जन काय करतो? तलवार काढतो आणि सरळ अंगणाच्या मधोमध! अरे, दबकत जा की! मी काचेवर हात आपटला. आपटू नका म्हणाले. चौघे पहारेकरी कापले, माझ्या खोकल्याचा तर पहिल्याच घावात. स्वतःचा खोकला असा मध्येच तुटलेला ऐकणं, तुम्हाला काय सांगू...

दुसरा. तलवार. तिसरी, कॉलेजची मुलगी, मला वाटलं ही तरी... तलवार! दोन्ही हातांत! पाचवा तर सरदाराला मारून झाल्यावर परत आला, का? तर एक स्वयंपाकी राहिला होता! अरे मेल्या, दबकत जा म्हटलं तर तू परत येतोस? आणि वॉव बाजूला टाळ्या वाजवतोय, "बघा, बघा, किती रमलेत!" माझा भाचा नुसता वहीत रेघा ओढत होता, एक मेला की एक रेघ.

आठव्या नंबरला एक बाई बसली. आणि काय सांगू, ती चक्क झाडीत शिरली! भाचा ताठ झाला. ती झाडीतून हळूहळू कपड्यांच्या गाठोड्यांपाशी गेली, आणि त्या गाठोड्यांच्या मागे बसली. एक मिनिट. दोन मिनिटं. पहारेकरी आला, गेला, हिने हूं की चूं केलं नाही. भाच्याने माझा हात धरला. "आत्या," म्हणाला, "बघ, वाट बघतेय ती. त्याची फेरी मोजतेय." चार मिनिटं. पाच. म्हटलं, बाई असावी तर अशी! सहाव्या मिनिटाला वॉवने मान वाकडी करून काचेतून नीट पाहिलं आणि म्हणाला, "फोनवर बोलतेय ती."

फोनवर! बोलणं संपलं, फोन ठेवला, तलवार काढली.

बाराही जणांचं खेळून झालं. बाराच्या बारा तलवारवाले. मला राहवेना. म्हटलं, आता मी खेळते. वॉव म्हणाला, वॉव. बसले मी त्या खुर्चीत. ते कंट्रोलर म्हणजे भलतंच डबडं हो, दोन्ही अंगठ्यांना वेगवेगळं काम. पहिली दहा मिनिटं माझा मारेकरी नुसता भिंतीवर डोकं आपटत होता. पण मग जमलं. झाडीतून गेले, रांगत गेले, वाळूवरून गेले, लाकडावर पाय ठेवला नाही. पहारेकरी खोकला की त्या आवाजात दोन पावलं पुढे टाकायची, हे मला कोणी शिकवलं? वसतिगृहाच्या मुलींनी! माझ्याच खोकल्याच्या आडून पळायच्या मेल्या! एक तास दहा मिनिटं लागली. एका माणसाच्या केसाला धक्का लावला नाही. गेले सरदाराच्या खोलीत, तो पत्र लिहीत बसलेला, एक घाव, खिडकीतून बाहेर. हवेलीत कोणाला पत्ता नाही! मी मागे वळून पाहिलं, तर काचेपलीकडे माझा भाचा रडत होता. खरंच सांगते. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

आणि पडद्यावर माझे गुण आले. चाळीस.

म्हटलं, बाकीच्यांना किती? तर त्या चष्मेवाल्या सज्जनाला बावीसशे! का? तर म्हणे एक माणूस मारला की चाळीस गुण. मी एकच मारला ना! अहो, मी जन्म शिकणाऱ्या मुलींत काढला. ज्याने पेपर नीट सोडवला त्याला चाळीस, आणि ज्याने बाकं मोडली त्याला बावीसशे? ही कुठली परीक्षा? मग कोण कशाला दबकत जाईल? मी तशीच उठले आणि गेले वॉवसमोर. तिथेच ते दंगलीचं बोलले, तिथेच ते पाणी.

पण पाणी देऊन झाल्यावर तो खाली बसला हो माझ्याशेजारी. आणि आवाज एकदम साधा. म्हणाला, "मॅडम, तुमचं पटतं मला. पण हे बारा लोक बघितलेत ना? तो चष्मेवाला आहे ना, तो काउंटरवर बसतो, दिवसभर लोकांच्या शिव्या खातो, वर सर सर करतो. ती फोनवाली, तिचा साहेब तिला सुट्टीच्या दिवशी फोन करतो, आत्ताही त्याचाच होता. ही माणसं दिवसभर दबकतच असतात हो. घरी येऊन पुन्हा दबकायचं? पैसे देऊन?"

मी भाच्याकडे पाहिलं. त्याने वही मिटली. मला वाटलं होतं, हा तरी भांडेल.

मग सुरू झालं कान कापणं. पहारेकऱ्याला पंधरा पावलांवरचं ऐकू यायचं, ते दहा केलं, लोक चिडतात म्हणून. मग पाच. मग दोन. भाचा दर रविवारी माझ्याकडे येतो, येऊन सांगायचा, "आत्या, आज तुझा डावा कान गेला." शेवटी शेवटी तर पहारेकऱ्याच्या पुढ्यात उभं राहून नाच केला, तरी तो म्हणे, "वारा असेल." पाचांची टीम, दोघांना रक्ताच्या विभागात नेलं, कोण कसं उडतं ते बघायला. दोघांनी नोकरी सोडली. उरला हा एकटा, टेबल आलं झेरॉक्सच्या मशीनशेजारी. मी म्हटलं, तूही सोड ना. म्हणाला, "कुठे जाऊ? सगळीकडे तलवारच चाललीय." आणि घरीसुद्धा आता टाचा आपटत चालतो. बायको म्हणते, आत्या, आधीचंच बरं होतं हो.

गेम आला बाजारात. धो धो खपला. आणि लोकांनी काय लिहिलं त्याच्याबद्दल? तलवार उत्तम, चित्रं उत्तम, फक्त पहारेकरी ठार आंधळे आणि बहिरे! हसं झालं हो पहारेकऱ्यांचं, लोक त्यांचे व्हिडिओ काढून एकमेकांना पाठवतात. आणि मीटिंगमध्ये सगळे वळून बघतात कोणाकडे? माझ्या भाच्याकडे! "पहारेकरी तुमच्याकडे होते ना?"

परवाच्या रविवारी आला. चहा केला. म्हणाला, "आत्या, दुसऱ्या भागाचं ठरलं. या वेळी लपण्यावर भर द्यायचा म्हणतात." माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. म्हटलं, अरे देवा! खरंच? मग पुन्हा चालायचं? पट्टी बांधायची? मी तर मनात कपाटातून इस्त्रीची साडीसुद्धा काढली!

तो म्हणाला, "नाही. एक बटण देणारेत. दाबलं की मारेकरी कोणाला दिसतच नाही. हवेलीभर फिरा, कोणालाही कापा."

"आणि पहारेकरी?"

"उभे राहतील."

"आणि तुला काय काम?"

"बटणाचा रंग ठरवायचाय."

मी गाळणी खाली ठेवली, त्याच्यापुढे चहा सरकवला. त्याने चहा संपवला. कप ठेवला. म्हणाला, "पांढरा ठेवावा म्हणतोय." मी तरी काय सांगणार हो? म्हटलं, पांढरा नको रे बाळा, मळखाऊ घे... फार दाबतील.