लांबबाही

(शिवणाचं दुकान, दुपार. लेक बाबांच्या कॉम्प्युटरसमोर बसलीय.)

बाबा: सकाळपासून हे अडून बसलंय. डॉक्टरीणबाईंच्या नातीच्या कोटाची मापं घेतली, तिचा नवा डबा उघडायला गेलो, तर म्हणतं मर्यादा संपली. तुमचा क्लाउड भरला की काय?

लेक: क्लाउड भरत नाही, बाबा. एका खात्याला शंभरच बकेट, म्हणजे तुमचे डबे, मिळतात. तुम्ही शंभर केल्यातच कशा?

बाबा: गिऱ्हाइकं शंभर, म्हणून डबे शंभर. वह्या भिजल्या तेव्हा तूच म्हणालीस, आता सगळं इथं ठेवा.

लेक: इथं म्हणजे एका बकेटमध्ये. आत हवी तेवढी फोल्डर करता येतात. तुम्ही प्रत्येक बटणाला वेगळं कपाट केलंत.

बाबा: दुकानात प्रत्येकाचं पाकीट वेगळं असतं. चाळीस वर्षं तसंच चाललंय. डॉक्टरीणबाईंची मापं पोस्टमनच्या मापांत मिसळली तर?

लेक: नाही मिसळत. आणि ही नावं काय दिलीत? ‘ढेरपोट्या-पोस्टमन’. त्याने बघितलं तर?

बाबा: खरी नावं कुठे लक्षात राहतात माझ्या? त्यात नाव देताना या मेल्या कॉम्प्युटरचे नखरे किती. कॅपिटल अक्षर नको, मध्ये जागा नको, जगात दुसऱ्या कुणाचं तेच नाव नको. एकदा दिलं की बदलायचंही नाही. तुझं नाव ठेवताना एवढा खल केला नव्हता आम्ही.

लेक: ते दिसतंच आहे. बरं, हळूहळू सगळं मी एकात हलवते. आज नातीपुरती एक बकेट काढून टाकू. भरलेली असली तर काढू देत नाही, आधी रिकामी करावी लागते. ही बघा, एक रिकामीच आहे. ‘लांबबाही’. हीच काढते.

बाबा: ती नको.

लेक: आत काहीच नाही, बाबा.

बाबा: माहीत आहे. हात काढ तिथून.

लेक: कोण ही लांबबाही?

बाबा: तुझी आई.

लेक: आई?

बाबा: दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, बाही मनगटाच्या खाली येऊ द्या. भाजल्याचा डाग होता ना तिथे. मी पाकिटावर लिहिलं, लांबबाही.

लेक: पण आई तो डाग कधी लपवायची नाही.

बाबा: पुढे सोडलं तिने लपवणं, बाही वर सारून वावरायची. बाही मात्र मी तेवढीच ठेवत गेलो. कमी करा, असं ती कधी म्हणाली नाही.

लेक: मग ही रिकामी का?

बाबा: पाकीट वह्यांबरोबर भिजून गेलं. तसंही लग्नानंतर ते उघडून बघायची वेळ कधी आलीच नव्हती. इथे नाव मिळालं, तेवढ्यावरच थांबलो. हे सोडलं तर उद्या दुसरं कुणी घेईल ना?

लेक: घेऊ शकेल. नियम तसाच आहे.

बाबा: मला नाही चालणार ते.

लेक: नाहीच सोडायचं. पोस्टमनला डॉक्टरीणबाईंच्या शेजारी फोल्डरमध्ये बसवते, नातीला जागा होईल. पण बाबा, रिकामी बकेट एका चुकीच्या बोटाने जाते. आत्ता मीच घालवली असती. हिच्यात काहीतरी ठेवू या, म्हणजे अशी जाणार नाही.

बाबा: काय ठेवणार?

लेक: तुम्ही सांगा, मी लिहिते.

बाबा: लिही मग. खांदा, साडेतेरा.

लेक: साडेतेरा. पुढे?

बाबा: कंबर. कुठल्या वर्षाची सांगू?

लेक: सगळ्या वर्षांची सांगा. मला घाई नाही.

बाबा: मग बाही आधी घे. ती कधीच बदलली नाही. तेवीस.