ळ कुणाचा?

मी बोलत नाही म्हणता ना? शिकवायला बसले की बोलते मी. आमच्या शेजारच्या रेवाचंच बघा. पाच वर्षांची झाली तरी तिला ळ येत नव्हता. बाळाला बाल म्हणायची. शेवटी तिच्या आईने, प्राजक्ताकाकूंनी सांगितलं, "रविवारपर्यंत जमलं नाही तर स्पीच थेरपिस्टकडे नेणार." तिथे इंजेक्शन देतात, असं रेवाच्या डोक्यात. ती पलंगाखालून बाहेरच येईना. मी म्हटलं, "काकू, मी शिकवते. जमेल तिला."

मी चित्रांची कार्डं केली आणि तिच्या हातात आरसा दिला.

"जिभेचं टोक मागे वळव, टाळूला लाव आणि सोड. म्हण, केळं."

"केलं."

"माळ."

"माल."

चार दिवस हेच. शनिवारी मी तिला घेऊन खाली केळी आणायला गेले. आमच्या इथे घराबाहेर सगळे कन्नडच बोलतात. मी तोंड उघडायच्या आत रेवाच केळीवालीला ओरडून म्हणाली, "अक्का, बाळेहण्णु कोडी!" म्हणजे केळी द्या. आणि त्यातला ळ अगदी खणखणीत!

मी तिला तशीच वर नेऊन काकूंसमोर उभी केली. "म्हण परत."

"बाळेहण्णु."

काकू बघतच राहिल्या. "अगं, मग केळं म्हणताना काय होतं तुला?"

रेवाला आमचीच कीव आली असावी.

"आई, ळ कन्नड आहे ना? तूच सांगतेस, घरात फक्त मराठी बोलायचं."