बोलीचं व्याकरण

शाळाप्रवेशाच्या रांगेत लेकीचा अर्ज घेऊन आलेल्या शिंपीणबाईंच्या पुढे एक आजी नातीला घेऊन उभी होती. कारकून तिचा अर्ज वाचत होता.

“आजी, मातृभाषा म्हणून हे काय लिहिलंय? ही नुसती बोली. हिला व्याकरण नसतं.”

“साहेब, तुमच्या भाषेत प्रश्न विचारता येतो?”

“येतो की.”

“आमच्यातही येतो. नाही म्हणता येतं?”

“अहो, ते जगातल्या सगळ्याच भाषांत येतं!”

“मग आमचीच कशी उपरी? मी मुद्दाम शब्द उलटसुलट लावले, तर ही पाच वर्षांची पोर खो-खो हसते. नियमच नसता, तर चूक कळली असती तिला?”

“पुस्तकात कुठाय तो नियम?”

“तोंडात आहे. खोडायचं नाही. मारा शिक्का.”

कारकुनाने शिक्का मारला.

शिंपीणबाईंनी आपल्या अर्जावर मातृभाषा म्हणून लिहिलेली प्रमाणभाषा खोडली आणि आपल्या आईची बोली लिहिली.