दाराच्या कडीवरचा टॉवेल

सभेचं अध्यक्षपद भूषवणारे आमचे प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या रेक्टरबाई, आणि चहाच्या टेबलावर नजर ठेवून बसलेल्या वसतिगृहातल्या मुलींनो,

बाईंची शिस्त सगळ्यांनी वाखाणली. मी बाईंनी मोडलेल्या नियमाबद्दल बोलणार आहे. नियम त्यांचाच. कडीला टॉवेल असला की आत कोणी आजारी आहे, दार वाजवायचं नाही. या नियमाचा आम्ही काय काय फायदा उठवला, ते आज नको. बाई हसतायत, म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी इथे राहायचे तेव्हा, शेवटच्या वर्षी मला ताप भरला. पाय विलक्षण ठणकत होते, पण आदल्या दिवशी धावण्याचा सराव झालेला, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. उलटी झाली, उजेड सोसेना. माझी रूममेट जिवाला जीव देणारी. तिने पडदे ओढले, पांघरूण घातलं आणि टॉवेल लावून तासाला गेली. तुम्ही वेगळं काय केलं असतंत?

जेवायच्या वेळी बाईंनी तिला हटकलं, "कशी आहे गं ती?"

"झोपलीय. पाय गार पडलेत म्हणून मोजे घातलेत."

"अंगात ताप आणि पाय गार?"

बाई हातातला काचेचा ग्लास घेऊन तशाच वर आल्या. टॉवेल सारून आत शिरल्या. मी त्यांनाच आई समजून काहीबाही बरळत होते म्हणे. मान वाकेना. मोजे काढले तर घोट्यावर जांभळट ठिपके. बाईंची बहीण नर्स, तिने कधीतरी सांगितलेलं त्यांना आठवलं. ग्लास ठिपक्यांवर दाबला. साधं पुरळ काचेखाली फिकं पडतं, हे ठिपके पडले नाहीत. बाईंनी थेट रुग्णवाहिका बोलावली. प्राचार्यांना नंतर कळवलं, सर, आता रागावू नका.

मेंदूच्या आवरणाला आणि रक्ताला जंतुसंसर्ग झाला होता. डाव्या पायाची दोन बोटं गेली. मी राहिले. बाई, हे तुम्हाला कधी नीट सांगताच आलं नाही.

मुलींनो, ठिपके उशिरा येतात, कधी येतही नाहीत. त्यांची वाट बघू नका. तापात हातपाय गार पडले, मान आखडली, बोलणं भरकटलं, मैत्रीण बघता बघता खालावत गेली, तर दवाखाना गाठा.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. उद्यापासून बाई नसतील. कडीला टॉवेल दिसला तर खुशाल दार वाजवा. आतून शिवी आली तर निर्धास्त पुढे जा. काहीच आलं नाही, तर आत शिरा.